शॉवरच्या काचेवरची ओळ

हे सदर मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. कुणाला रिकाम्या घरात पावलं ऐकू आली, कुणाच्या खोलीत अचानक गारवा पसरला... माझ्याकडे कारण तयार असतं. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे भूतसुद्धा वैतागून निघून जाईल. अशी मी, आणि आज मीच इथे लिहायला बसलेय.

मी मूळची सांगलीची. लग्न करून चेन्नईत आले त्याला सतरा वर्षं झाली. सासर तंजावरकडचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी घर. वेस्ट मांबलमला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. घरात मी, नवरा श्रीधर आणि सासूबाई. त्यांना आम्ही अम्मा म्हणतो. सासरे, आप्पा, दीड वर्षापूर्वी गेले.

ते कसे गेले हे सांगायलाच हवं. सकाळची वेळ होती, ते अंघोळीला गेले आणि दारातच घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उठले नाहीत. अडीच महिन्यांत सगळं संपलं.

त्या सकाळी मी साबणाच्या पाण्यात साड्या भिजवल्या होत्या. टब सरकवताना पाणी हिंदकळलं आणि दारापाशी सांडलं. मला दिसलं होतं. शाळेची घाई होती... नंतर पुसू म्हणून मी पोळ्यांकडे वळले. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. श्रीधरलाही नाही. पण दीड वर्ष तेच एक वाक्य डोक्यात फिरत होतं — भाजी चिरताना, पेपर तपासताना, वर्गात फळ्याकडे तोंड असताना. पाणी मी सांडलं.

म्हणून शॉवरला काच बसवायची हे माझंच वेड. ओलं आतल्या आत राहील, बाहेरची फरशी कोरडी. श्रीधर म्हणत होता, पडदा लाव, झालं. मी ऐकलं नाही. चौकट मात्र काळीच हवी होती, कारण अम्मांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी नुसती काच त्यांना दिसतच नाही. काळी कड असली की कुठून काच सुरू होते ते कळेल.

एका शनिवारी दुपारी चारच्या सुमारास मी नुंगंबाक्कमच्या एका शोरूममध्ये गेले. एकटीच, श्रीधर पेरुंगुडीला ऑफिसात होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत एसी इतका, की दंडावर काटा आला. ओळीने काचा उभ्या केलेल्या. सरकत्या, धुरकट, चौकोनी पट्ट्यांच्या. नुसत्या उभ्या, बरं का. नळ नाही, पाणी नाही. सेल्वम नावाचे पन्नाशीचे सेल्समन मला दाखवत होते.

"मॅडम, हा ब्लॅक फ्रेमचा पीस. कालच आला. प्लास्टिक मी आज सकाळी काढलं," ते म्हणाले, आणि फोन आला म्हणून काउंटरकडे गेले.

मी बिजागरी बघायला वाकले. तोंड काचेच्या अगदी जवळ होतं. श्वासाची वाफ काचेवर धरली, आणि त्या वाफेत एक रेघ दिसली. आडवी, सरळ. तिच्याखाली लोंबणारे वळसे.

बोटाचा तेलकटपणा राहिला की वाफेत खुणा दिसतात, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. तरी मी पुन्हा श्वास सोडला. थोडं पुढे, आणखी पुढे. रेघ पुढे जातच होती. ती वळणं मला ओळखीची होती. मोडी! आप्पांच्या डायऱ्या मोडीत असत. मला एक अक्षर वाचता येत नाही, पण ती गुंतागुंत मी इतकी वर्षं टेबलावर पाहिली होती.

फोटो काढायला गेले तर वाफ विरायची. शेवटी बाथरूमची मापं लिहिलेल्या कागदाच्या मागे, श्वास सोडत सोडत, दिसेल तसं उतरवून घेतलं.

सेल्वम परत आले. "एनी प्रॉब्लेम, मॅडम?"

"या काचेला कुणी हात लावला होता?"

त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि काच वरपासून खालपर्यंत पुसून टाकली. नंतर मी तीनदा वाफ धरली. काही नाही. नुसती वाफ.

घरी आले ती तशीच अम्मांच्या खोलीत गेले. आप्पांनी लग्नानंतर त्यांना मोडी शिकवली होती. काही न बोलता कागद हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ नेला, लांब धरला.

"हे उलटं आहे गे," त्या म्हणाल्या. मग कागद पालथा करून खिडकीच्या उजेडावर धरला आणि बोट ठेवत ठेवत वाचू लागल्या. "पा... णी... पाणी मी... सांडिलें."

मी पलंगाचा कठडा धरला.

"कुठें मिळालं तुज हे? तू लिहिलीस?"

"मला कुठे येतं मोडी, अम्मा?"

सगळं सांगितलं. शोरूम, वाफ, फडकं. आणि मग थांबताच येईना. साड्या, टब, न पुसलेलं पाणी, सगळं बाहेर पडलं. आता त्या काय म्हणतील या भीतीने मी मान खाली घातली होती.

त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"अय्यो... वेडी गे तू. त्या दिवशी ऊन पाणी मी नेलं बादलीत. हात थरथरला, दारांत सांडलं. पुसायला फडकं आणायला गेले, तोवर ते..." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "कुणास सांगू? श्रीधरास? बाप गेला त्याचा."

दोघी एका घरात, एका बाथरूमसमोरून दिवसातून वीसदा जात होतो. एकमेकींना चहा देत होतो. आणि दोघींच्याही तोंडात तेच अडकलं होतं.

त्या संध्याकाळी श्रीधरला सांगितलं. तो आमच्या दोघींमध्ये बसून राहिला. नंतर उठून त्याने आमच्यासाठी कॉफी केली.

आता कारणांकडे येते. कारखान्यातल्या कुणी काचेवर बोट फिरवलं असेल? चेन्नईत, मोडीत? आणि उलटं का? आत उभं राहून कुणी लिहिलं असतं तर बाहेरून ते उलटं दिसेल, हे बरोबर. पण मग माझ्या बाजूच्या वाफेत ते उमटायलाच नको होतं. चार सहकाऱ्यांना हे गणित घातलं. कुणाला सुटलं नाही.

काच बसवली, दुसरी, त्याच मापाची. अम्मा काळी कड धरून आत जातात. ते आप्पांनीच लिहिलं, दोष स्वतःवर घेऊन आपल्याला सोडवलं, अशी त्यांची खात्री आहे. रात्री आता झोप लागते म्हणतात.

मला लागत नाही. मराठीत सांडतं ते पाणी, आणि क्रियापद पाण्यामागेच जातं. सांडणारा पुरुष की बाई, ते त्या शब्दावरून कळत नाही. आप्पा म्हणाले असतील. पण तेच वाक्य दीड वर्ष मीही म्हणत होते, अम्माही म्हणत होत्या, आणि त्या काचेवर श्वास तर माझाच होता.

त्या ओळीतला 'मी' कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.