शीपचा कोर्स

मल्हार कोळेकर सांगलीला शिकायला आला तो ऐकण्यातल्या एका चुकीमुळे, आणि ती चूक त्याची नव्हती. निदान सुरुवातीला नव्हती.

झालं असं की, बारावीचा निकाल लागल्यावर तो वडिलांना म्हणाला, "आबा, मला शेफ व्हायचंय." आबा म्हणजे नानासो कोळेकर. आटपाडीच्या पलीकडं एका वाडीवर त्यांची सत्तर मेंढरं आणि चार एकर कोरडवाहू रान. त्या वेळी ते एका मेंढीचा पाय गुडघ्यांत धरून वाढलेला खूर छाटत बसले होते. 'शेफ' हा शब्द त्यांच्या कानावर कधी आला नव्हता. 'शीप' मात्र ओळखीचा होता. लस टोचायला येणारे डॉक्टर, माहितीपत्रकं वाटणारे साहेब, सगळे मेंढराला शीपच म्हणायचे. मेंढरू म्हणायला त्यांना संकोच वाटत असावा. पोरगं शीपचं शिकतो म्हणतंय, एवढा अर्थ नानासोंनी काढला आणि पाय न सोडता म्हणाले, "शिक की. आमचं सगळं अडाण्यागत चाललंय. पर एक ध्यानात ठेव. वरीस वाया घालवायचं न्हाई. नापास झालास की मेंढरं हाईतच."

मल्हारला आनंद कमी आणि आश्चर्य जास्त झालं. पोरगा भांडी घेऊन चुलीपुढं बसणार म्हटल्यावर घरात काय काय ऐकावं लागेल, याची उजळणी तो चार दिवस करत होता. ती फुकट गेली. खुलासा झाला तो आठवड्यानं, एसटी स्टँडवर. नानासो शेजारच्या माणसाला सांगत होते, "आमचा मल्हार शीपचा कोर्स करनार हाय. मेंढराचा डॉक्टरच म्हना की." मल्हारनं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सांगलीची गाडी आली. उघडलेलं तोंड त्यानं जांभई देऊन बंद केलं आणि गाडीत चढला.

संस्था गावाच्या मध्यात, एका भडंगाच्या दुकानाच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर होती. शिकवायला शेफ साईराज. चार वर्षं जहाजावर स्वयंपाक करून आलेला माणूस. 'चिमूटभर' आणि 'अंदाजानं' हे दोन शब्द वर्गात काढायचे नाहीत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी हाडं पाण्यात मंद उकळली, वरचा फेस काढला, गाळून घेतलं आणि म्हणाले, "हा स्टॉक."

मल्हारनं चव घेतली. "सर, ही अळणी हाय."

"मीठ घालायचंच नसतं त्यात."

"तसं न्हाई, सर. आमच्याकडं ह्याला अळणी म्हणत्यात. रस्सा करायच्या आधी बाजूला काढत्यात, बारक्या पोरांना प्यायला."

"अळणी नाही. स्टॉक," शेफ म्हणाले, आणि मल्हारनं वहीत 'स्टॉक' लिहिलं.

आपण इथं नवं काही शिकतोय, की ठाऊक असलेल्याची नवी नावं शिकतोय, हे त्याला कळेना. हा गोंधळ वहीच्या तिसऱ्या पानावर सुरू झाला आणि पुढं वही संपली तरी टिकला.

दरम्यान त्यानं घरी फोटो पाठवला. पांढरा कोट, डोक्यावर उंच टोपी. कोट पाहून वाडीची खात्रीच पटली. फोन आला.

"कोट झ्याक हाय. पर टोपी एवढी उच्ची कशापाई रं?" नानासोंनी विचारलं.

"केस पडू नयेत म्हणून, आबा."

"मेंढरात केस पडल्यानं काय हुतंय?"

"सायबांचा नियम हाय."

"मग ऱ्हाऊ दे," नानासो म्हणाले. साहेबांच्या नियमांत अर्थ शोधायचा नसतो, एवढा अनुभव त्यांच्या गाठीला होता.

त्याच्या खोलीत आष्ट्याचा ऋषिराज राहायचा. घरी ऊस, दोन चुलते फौजेत. स्वतः ऋषिराज भरतीच्या धावण्यात दोनदा मागं पडला होता, म्हणून केक शिकत होता. तो म्हणाला, "सांगून टाक की गड्या एकदाचं. लय झालं हे."

"आन आबा म्हणाले, ये परत, मग?"

"मग मेंढरं राख. माझ्यापेक्षा बरं. मला तर ऊस पण कोण राखू देत न्हाई."

मल्हारनं ठरवलं, पहिली परीक्षा पास व्हायचं आणि मग सांगायचं. पास झालेल्या पोराला परत बोलावणं अवघड असतं. नापास झालेल्याला सांगायची गरजच उरत नाही.

पण त्याआधी एक मेंढी आजारी पडली. नानासोंचा सकाळीच फोन. "कपाळावर ठिपकेवाली हाय न्हवं, ती खात न्हाई. तीन दिस झालं. ओवा दिला, हिंग दिला, काय उपेग न्हाई. तुमच्या सरास्नी इचार."

नाही म्हणायची सोय नव्हती. शेफ साईराज कढई बघण्यात गुंतले होते. मल्हार मागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मेंढी खात नाही. काय करावं?"

मराठी भाषेत या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि शेफना नेहमी दुसराच भेटायचा. "बरेच लोक खात नाहीत," ते मान न वळवता म्हणाले. "वासामुळे. आलं वाढव, लिंबू पिळ, मीठ बेतानं. आणि कोमट नको, चांगलं गरम दे."

मल्हारनं गरमचं कोमट केलं, एवढीच काय ती स्वतःची अक्कल, आणि बाकी जसंच्या तसं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढीनं कडुलिंबाचा पाला तोंडात धरला. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या मक्यात घुसली. आठवड्याच्या आत मल्हारला वाडीवरून आणखी चार फोन आले. एकानं तर शेळीबद्दल विचारलं. शेळी आमच्या विषयात येत नाही, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

मग बिरोबाची जत्रा आली. कॉलेजात त्या आठवड्यात मटणाचे कट शिकवणार होते. बकऱ्याच्या कुठल्या भागाचा कुठला तुकडा, त्याचं नाव काय आणि तो शिजवायचा कसा. मल्हारनं रजा मागितली. देवाचं आहे म्हटल्यावर शेफनी ती दिली, फक्त म्हणाले, "परीक्षेत हेच येईल."

जत्रेत देवापुढच्या बकऱ्याचे वाटे घालायचं काम दरवर्षी वाडीतला एक म्हातारा करायचा. त्याला आता दिसत नव्हतं. नानासो चारचौघांत म्हणाले, "मल्हारला घालू द्या. त्यो शीपचं शिकतोय." मल्हार खाली बसला आणि त्यानं वाटे घातले. मांडीचं थोडं, बरगडीचं थोडं, मानेचं थोडं, काळजाचा एकेक तुकडा, सगळ्यांत सारखं. मग एक जण पाठ करून उभा राहिला. मल्हारनं एका वाट्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कुणाचा?" पाठ केलेल्यानं न बघता नाव घेतलं. असे एकवीस वाटे गेले. कुणी तक्रार केली नाही. वाडीत जत्रेनंतर तक्रार नसणं ही बातमी होती. घरी जाताना नानासो दोनदा समाधानानं खाकरले.

सोमवारी परीक्षा. सातारच्या एका हॉटेलातल्या साक्षी मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. मल्हारच्या चिठ्ठीवर शेफच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मटण – कट व समान पोर्शन, आठ.' टेबलावर मेंढ्याचं अर्धं धड, शेजारी ताटलीत काळीज आणि गुर्दे.

मल्हारनं 'कट' वाचलं. ते त्याला येत नव्हतं. मग त्यानं 'समान' वाचलं, 'आठ' वाचलं, आणि त्याच्या जिवात जीव आला.

पाऊण तासानं साक्षी मॅडम टेबलापाशी आल्या. आठ ताटांत आठ ढीग होते. त्यांनी एका ढिगात चिमटा घातला. मांडी निघाली, बरगडी निघाली, मानेचं हाड निघालं, काळीज निघालं.

"हे काय आहे?"

"वाटं, मॅडम."

"कट कुठला म्हणायचा हा?"

"सगळेच हाईत, मॅडम. प्रत्येकात."

मॅडमनी शेफकडं पाहिलं. शेफनी छताकडं पाहिलं. मॅडमनी एक ताट उचलून काट्यावर ठेवलं, मग दुसरं, मग आठही. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलकं यांत बारा ग्रॅमचा फरक.

"काटा वापरलास?"

"न्हाई. काट्यावर भांडणं हुत्यात, मॅडम."

"आणि याच्यावर होत नाहीत?"

"न्हाई. पाठ करून सांगायचं असतंय न्हवं," असं म्हणून मल्हारनं भांडी घासणाऱ्या आप्पासोंना हाक मारली. आप्पासो हात पुसत आले. त्यांचं गाव शिराळ्याकडचं, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. टेबलाकडं पाठ करून उभे राहिले. परीक्षा चालू आहे, हे मल्हार त्या क्षणी विसरला असावा. त्यानं बोट ठेवलं.

"ह्यो कुणाचा?"

"प्राचार्यांचा."

"ह्यो कुणाचा?"

"मॅडमचा."

"ह्यो?"

"माझा," आप्पासो म्हणाले. जरा थांबून, "चालंल न्हवं?"

एरवी परीक्षेचं मटण ठरलेल्या वाटेनं जायचं. मांडी प्राचार्यांच्या डब्यात, बरगड्या शिक्षकांच्या जेवणात, मानेची हाडं आप्पासोंच्या पिशवीत. त्या दिवशी सगळ्यांना सगळं थोडं थोडं गेलं. प्राचार्यांनी मागाहून चौकशी केली की यंदा मटण बदललंय का.

साक्षी मॅडमनी पेन काढलं. मग कटच्या रकान्यात दहापैकी शून्य दिलं. पोर्शनच्या रकान्यात दहापैकी दहा. बेरीज वीसपैकी दहा, आणि पास व्हायला आठ लागत होते.

"तू पास आहेस," शेफ साईराज म्हणाले, "पण मी शिकवलेल्यात शून्य आहेस. हे लक्षात ठेव."

मल्हारनं लक्षात ठेवलं. त्याचं काय करायचं, हे मात्र कळलं नाही. जे यायचं त्यात पास, जे शिकायला आलो त्यात शून्य. मग आलो कशाला, आणि आता वर्गात जायचं कशाला? त्यानं ऋषिराजला विचारलं. ऋषिराजचा केक बसला होता. तो म्हणाला, "मला इचारू नगंस. फोन लाव."

मल्हार कृष्णेच्या घाटावर जाऊन बसला आणि त्यानं फोन लावला.

"पास झालो, आबा."

"व्हय? ब्येस झालं! कशात?"

"वाटं घालण्यात."

"वाटं? आरं, त्ये डॉक्टर कशाला घालंल?"

आता गाडीही येणार नव्हती आणि जांभईही. "आबा, ते शीप न्हाई. शेफ. म्हंजी आचारी. मी सैपाक शिकतोय. तुमी एसटी स्टँडवर सांगत हुता, तवाच मला कळलं हुतं. मी बोललो न्हाई."

नानासो गप्प झाले. त्यांचं गप्प होणं मल्हारला लहानपणापासून ठाऊक होतं. ते बहुतेक वेळा काठीनं संपायचं. काठी आटपाडीच्या पलीकडं होती, तरी तो पायरीवर दोन बोटं मागं सरकला.

शेवटी नानासो बोलले. "मल्हार."

"जी."

"मग ती ठिपकेवाली बरी कशी झाली?"

"ठाऊक न्हाई, आबा."

"हां." पलीकडं नानासोंनी एका मेंढराला हाकललं. "उद्या कालेज हाय का?"

"हाय."

"मग जा. आन त्या सरास्नी ह्येवढं इचारून ठेव."