पाटावरची सात अक्षरं

सटाण्याहून मी निघाले त्या दिवशी अण्णांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. आमच्याकडे ती पद्धतच नाही. बॅगा डिकीत कोंबून झाल्या, आईने हातावर दही ठेवलं, आणि अण्णा गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "रोज अक्षरं धाडीन. तुझं उत्तर आल्याबिगर पाट मोडायचा नाय, काय?" मेलबर्नला निघालेल्या मुलीला बापाने सांगायची ही शेवटची गोष्ट! मी हसले. आई मात्र हसली नाही.

अण्णा कांद्याच्या खळ्यावर गोण्यांना मार्का मारायचे. पत्र्यात कापलेलं इंग्रजी अक्षर गोणीवर धरायचं आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. छापील गोण्या आल्या आणि ते पत्रे अडगळीत गेले. अण्णांनी ते घरी आणले, प्रत्येक अक्षराचा एक. शाळा त्यांची सातवीतच सुटलेली, पण डिक्शनरी कायम उशाशी. रोज सकाळी ते पाटावर सहा-सात पत्रे क्रम मोडून मांडायचे आणि मला म्हणायचे, काढ शब्द. लहानसहान शब्द कितीही निघोत, ते नुसते चहापाण्याचे. सगळे पत्रे वापरणारा शब्द सापडला की जेवण झालं, मग पाट मोडायचा. तो शब्द नेहमी त्या घडीला त्यांच्या नजरेसमोर असलेल्या वस्तूचा असे. नळाशी बसले असतील तर बकेट, वीज गेलेली असेल तर कँडल. माझं सगळं इंग्रजी त्या पाटावरचं आहे. इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी ज्या तोऱ्यात रिपोर्ट लिहिते, तो तोराही तिथलाच.

तुमच्यापैकी जे आपल्या सटाणा-बागलाणातच राहिले, त्यांना वाटतं बाहेर गेलेले विसरतात. आम्ही विसरत नाही हो, आम्ही 'नंतर बघू' म्हणतो. पहिली दोन वर्षं मी रोज उत्तर दिलं. फोटो यायचा तेव्हा इथे लंच ब्रेक असायचा. मायक्रोवेव्हपुढे डबा गरम होईपर्यंत शब्द सापडायचा. फोटोच्या कोपऱ्यात अण्णांच्या टोपीची सावली असायचीच. पुढे रोस्टर बदललं, घराचं लोन झालं, आणि मी दोन-दोन दिवसांनी उत्तर द्यायला लागले. शेवटचा फोटो एप्रिलमध्ये आला. सात पत्रे होते. मी तो उघडून बंद केला. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले.

मी पोहोचले ते सगळं उरकल्यावर. तेराव्यानंतर अण्णांचा फोन मीच बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

परत येऊन आठवडा झाला असेल. लंच ब्रेकमध्ये फोन वाजला. अण्णांच्या नंबरवरून पाटाचा फोटो होता. तेच सात पत्रे, क्रम मात्र वेगळा. टोपीची सावली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पत्रे, पुन्हा वेगळे मांडलेले. चौथ्या दिवशी मी फोटो मोठा करून पाहिला आणि डबा तसाच राहिला. बी, के, एन अशी अक्षरं उलटी होती, आरशात दिसावीत तशी. ए आणि टी तेवढी सरळ वाटत होती, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखीच. अण्णांनी आयुष्यात एक पत्रा पालथा ठेवला नव्हता. पाटाच्या खालच्या बाजूने कोणी वाचत असेल, तर त्यालाच ती सरळ दिसतील, असं माझ्या मनात आलं. भर दुपारी, ट्यूबलाइटखाली मी घाबरले.

रविवारी आईशी बोलणं व्हायचं, पण मी विचारलं नाही. नको ते उत्तर आलं तर? तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी विचारलंच.

"मीच धाडते, साड्यांखालचा त्यांचा फोन काढून," आई म्हणाली. "हे रोज करायचे ते पाहून आलं मला. तू इचारलंच नाय."

"अगं, पण का?"

"पाट तसाच हाय ना! उत्तर आल्याबिगर मोडायचा नाय म्हणाले व्हते. मला कुठं अक्षर कळतं? रोज सांजेला पत्रे पुसते, परत ठिवते."

मी सुटकेचा श्वास टाकला. आई पुढे म्हणाली, "पर एक गोष्ट हाय. मी ठिवते तशी ती सकाळी नसतात. कधी कधी हललेली दिसतात. मांजर असंल."

आमच्याकडे मांजर नाही. शेजाऱ्यांकडेही नाही. 

"शेवटचा फोटो धाडला त्या दिशी तर मी त्यांच्यावर रागावलेच व्हते," आई सांगू लागली. "तुझे अण्णा ऐन उन्हाळ्यात घोंगडी गुंडाळून पाटाशी बसले. हुडहुडी भरलेली, पण फोटो धाडूनच आडवे झाले. तुला कळवू नको म्हणाले."

फोन ठेवल्यावर मी अण्णांचा तो एप्रिलमधला फोटो उघडला. के, ए, टी, बी, ई, एन, एल. टेबल निघालं, बँक निघाली, लेक निघालं. आणि मग सातही पत्रे एकत्र येऊन शब्द दिसला. अण्णांनी अंगावर पांघरलं होतं तेच, ब्लँकेट. तापाची बातमी ते मला त्यांच्या पद्धतीने देत होते. मला एक मिनिटही लागलं नाही. तेवढं एक मिनिट मी एप्रिलमध्ये दिलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर टाइप केलं. मग लक्षात आलं, हे पाठवलं की पाट मोडला. उद्यापासून फोटो नाही. मी ते खोडलं.

आता लोक विचारतात, घर कुठे? मी सवयीने सबर्बचं नाव सांगते. पण माझं घर आता त्या पाटाएवढंच उरलंय. काल एन सरळ होता, आज पुन्हा पालथा आहे. कोण फिरवतं, ते मी विचारत नाही.

दर रविवारी आई विचारते, "सापडला का गं शब्द?"

मी म्हणते, "नाही आई, अजून नाही."

"असू दे," ती म्हणते. "आम्हाला काय घाई नाय."