पोटापुरती खुर्ची

सकाळी परकराची नाडी जिथे बांधते, तिथेच ती संध्याकाळी काचायला लागते. अंडाशयात गाठ आहे, त्यामुळे दिवस चढेल तसं पोट फुगत जातं.

काल शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. माझं पोट पाहून काकूंनी लगबगीने खुर्ची आणली आणि हळूच विचारलं, "कितवा गं?"

बाईचं पोट दिसलं की लोकांना महिनेच मोजायचे असतात. दुखतंय का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

"महिना नाही काकू, गाठ आहे."

काकू जरा ओशाळल्या. मग खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई. मग खाली बसायला हरकत नाही ना?"

मी खुर्चीवरून उठले. मांडी घालताना नाडी आणखीच काचली.