अंबादासच्या फौजेची पाठ

सात रस्त्याला चष्मेवाल्याच्या दुकानात नव्या चष्म्यातून बारीक अक्षरं वाचून दाखवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. अंबादासच्या बायकोचा, पद्मावहिनींचा. "मास्तर, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळी अंघोळ करून कामाच्या खुर्चीत बसला आणि बसल्या जागीच... माझा त्याच्याशी चार महिने अबोला होता. नवा चष्मा लावून जायचं आणि 'तुझं बारीक काम नीट बघायला आलोय' म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. सरळ माफी मागायची सवय मला नाही.

अंबादास आमच्याच गल्लीतला. उभं आयुष्य डाय हाऊसमध्ये टॉवेलांच्या सुताचे रंग जुळवण्यात गेलं. ते बंद पडल्यावर पुण्याच्या भाच्यानं त्याला एक विचित्र उद्योग लावून दिला. अंगठ्याच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचे. मला वाटलं, पोरांची खेळणी असतील. तर नाही. टेबलावर टेकड्या, पडकी घरं मांडून दोन चांगली मोठी माणसं समोरासमोर बसतात, फासे टाकतात, टेपनं अंतर मोजून सैनिक पुढं सरकवतात. आपली फौज देखणी दिसावी म्हणून ती अंबादाससारख्याकडं रंगवायला देतात. पन्नाशीतली माणसंही यात रमतात, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिल्या खेपेला त्यानं केलेली चूक डाय हाऊसच्या माणसालाच जमावी. ओलं सूत गडद दिसतं, वाळल्यावर उजळतं. त्या हिशेबानं त्यानं रंग थोडे गडदच लावले. हे ॲक्रिलिक मात्र वाळून आणखी गडद झालं. बर्फातून चालणारे गोरे शिपाई मे महिन्यात विजापूर रोडवर उभे केल्यासारखे रापले. मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "मास्तर, ह्यो रंग उलटा हाय की," म्हणाला आणि पुढचे आठ दिवस कागदावर ठिपके टाकून ते वाळायची वाट बघत बसला.

पुढं हात बसला. मागावरच्या, सूत गुंडाळायच्या जुन्या लाकडी कांड्यांवर तो एकेक सैनिक चिकटवायचा, कांडी डाव्या हातात फिरवत राहायचा आणि ब्रश टेकवताना श्वास रोखायचा. एकच गोष्ट मला कळत नव्हती. चेहऱ्याला तो एक तास द्यायचा आणि पाठीला दोन. कोटाची शिवण, पिशवीचे बंद, टाचेचा चिखल, शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं ठिगळ. "अरे, पाठ कोण बघतंय?" मी विचारायचो. "बघत्यात की," एवढंच उत्तर. खोदून विचारलं की कांडी फिरवायला लागायचा.

मागच्या दिवाळीनंतर त्याचा हात थरथरायला लागला. साठ सैनिकांचं काम अंगावर होतं. "ईस तुमी करा, मास्तर," म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं काही मागितलं ते हे एकदाच. मी शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, मला चेव आला. चेहरे असे रंगवले की माझं मलाच कौतुक वाटलं. पाठीवर मात्र सपाट एक हात मारला आणि देऊन आलो. चौथ्या दिवशी गेलो तर माझे सैनिक स्पिरिटच्या डब्यात बुडालेले, माझे चेहरे सुटून तळाशी बसलेले. "मला सांगायचंस तरी," म्हणालो. "तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हाय बोललो," तो म्हणाला. मी चप्पल घातली आणि निघून आलो. मला फार लागलं होतं. आता त्या रागाची लाज वाटते.

तो गेल्यावर महिन्याभरानं वहिनींनी टेबल आवरायला बोलावलं. फौज पुरी झाली होती, पार्सल तेवढं राहिलं होतं. "बसा की, तितंच बसा," म्हणत त्यांनी त्याचीच खुर्ची ओढली. मी बसलो. साठ सैनिक टेबलावर खेळात मांडतात तसे मांडलेले होते, पलीकडच्या भिंतीकडं निघालेले. एकाचाही चेहरा मला दिसत नव्हता. दिसत होत्या शिवणी, बंद, चिखल, साठ ठिगळं... खेळणारा आपल्या फौजेच्या मागं बसतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. चेहरे समोरच्याला दिसतात. ज्याची फौज आहे त्याला सगळा डाव आपल्या माणसांच्या पाठीच बघाव्या लागतात.

कडेला वेगळा ठेवलेला, अजून कांडीवरच असलेला एक मी उचलला. नव्या चष्म्यातून बघितलं तर चेहरा माझ्या हातचा होता. डावी भुवई जरा वर काढायची माझी खोड त्यात होती. कांडी फिरवली. पाठ अंबादासची होती, शिवण थोडी थरथरलेली.

"तेवढा एक त्यांनी धुतला न्हाय," वहिनी म्हणाल्या. "भाच्याला फोनवर सांगितलं, ह्यो देणार न्हाय, दुसरा करून देतो. मास्तर आले की त्यांना द्यायचाय, म्हणत व्हते. रोज दाराकडं बघायचे."

तो सैनिक आता माझ्या टेबलावर आहे, अजून त्याच कांडीवर. घरी येणारे त्याला उचलून चेहरा बघतात आणि चेहरा माझ्याकडं करून ठेवतात. ते गेले की मी तो पुन्हा फिरवून ठेवतो.