माझ्या बाजूची कड

खुर्चीत बसण्याआधी ते अंगठा फिरवीत. चहाच्या कपाच्या काठावरून, दाराच्या कडीवरून, माझ्या टेबलाला मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून. अंगठा एखाद्या जागी अडला की ते म्हणत, "हितं बर हाय, साहेब. कुणाचा तरी हात कापंल."

धातू कापल्यावर कडेला जे बारीक, धारदार कुसळ उरते त्याला कारखान्यात बर म्हणतात. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षे सुटे भाग तपासले होते आणि त्यांवर पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारला होता. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांनी अशी माणसे पाहिली असतील. नोकरी सुटली तरी त्यांची बोटे ड्युटीवरच असतात.

मी विम्याचा एजंट होतो. निगडीच्या बस टर्मिनसजवळ माझा गाळा. ते पहिल्यांदा आले ते काळेवाडीहून, पत्नीला बरोबर घेऊन. कंपनीने त्यांची लाइन बंद केली होती, आणि पगाराबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही शेवटच्या दिवशी संपला होता.

"आधी कार्ड दाखवलं की दवाखान्यात आत घ्यायचे," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "आता कार्ड हाय, पण आत कुणी घेत न्हाई."

वय चौपन्न, आणि पाच वर्षांपासून शुगर. एवढ्या दोन गोष्टींनी त्यांना रांगेत पार मागे ढकलले. पहिल्या विमा कंपनीने दोन ओळींच्या ई-मेलमध्ये नकार कळवला, कारण दिले नाही. दुसरी तयार झाली, पण शुगर असल्यामुळे हप्ता जवळजवळ दीडपट झाला. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांना जे मिळू लागले होते, त्यातले दोन महिन्यांचे उत्पन्न एका हप्त्यात जाणार होते. शिवाय शुगर आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या आजारांना तीन वर्षे काही मिळणार नव्हते. त्या कंपनीचे पत्रक त्यांनी ओळीखाली बोट धरून वाचले.

"म्हंजी तीन वर्सं पैसे मी भरायचे, आन् आजारानं तवर थांबायचं?"

"नियम आहे, भाऊ."

"आजाराला कळवलाय का ह्यो नियम?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या पत्नी पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला ते रुमालात गुंडाळून कानस घेऊन आले. मी फोनवर बोलत असताना त्यांनी टेबलाची पट्टी घासायला घेतली. गिऱ्हाईक बसते ती बाजू गुळगुळीत झाली, तेवढ्यात त्यांच्या बसची वेळ झाली. कानस पुन्हा रुमालात बांधत ते म्हणाले, "तुमच्या बाजूचं फुडच्या खेपेला."

पुढच्या खेपेला दोघेही आले, आणि मी तिसऱ्या कंपनीचा फॉर्म लॅपटॉपवर उघडला. मी प्रश्न वाचायचे, त्यांनी उत्तरे द्यायची.

"मधुमेह?"

"हाय. सकाळी एक गोळी. गोळीचं नाव सांगू?"

"सांगा."

त्यांनी नाव सांगितले, गोळीची कंपनी आणि मात्राही सांगितली. माझी बोटे चालत होती, त्यामुळे त्यांना वाटले मी ते लिहून घेतो आहे. मी 'नाही' या उत्तरावर खूण केली होती.

हे मी दयेने केले, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. आणखी एक नकार त्या दोघांना सोसणार नाही, असे मला वाटले होते, हे खरे. मार्च संपत आला होता आणि माझ्या टार्गेटला दोन पॉलिस्या कमी पडत होत्या, हेही खरे. या दोहोंपैकी कोणत्या कारणाने बोट दाबले गेले, ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. आजकाल सही म्हणजे तेच सहा आकडे. मोबाइल लांब धरून, मापयंत्रावरचे माप वाचावे तसा एकेक आकडा त्यांनी दोनदा वाचून दाखवला.

"लिवलं ना, साहेब, हाय ते?"

"लिहिलं."

पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर त्या फॉर्ममधली सगळी उत्तरे असतात. मी त्यांना पहिली तीनच पाने छापून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"बाकीची पानं?"

"नियम आहेत. सगळ्यांना सारखेच."

"तुमी तपासलंय ना? मग झालं." त्यांनी पाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवली. "आमच्यात एकाचा शिक्का पडला की दुसरा परत माप घेत न्हाई. त्यो त्याचा अपमान असतो."

दुसऱ्या वर्षी हप्ता वाढला. त्यांनी रविवारी ओव्हरटाइम करून तो भरला. त्यानंतर चौथ्या महिन्यात वर्कशॉपमध्येच त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बायपास सांगितली.

दवाखान्याच्या विमा खिडकीवर विचारले, शुगर कधीपासून? त्यांनी फोल्डर उघडून चाकणच्या कंपनीतल्या वार्षिक तपासणीची कार्डे दिली, वर्षवार लावलेली, एकही न गाळता. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द.

मी गेलो तेव्हा ते खाटेवर बसून होते. त्यांचा अंगठा शेजारच्या स्टीलच्या कपाटाच्या कडेवरून फिरत होता. मांडीवर पॉलिसीची सगळी पाने होती. दवाखान्याने काढून दिली होती. त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवले.

"साहेब, हितं 'नाही' लिवलंय."

"मी तितंच बसले व्हते की," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "ह्यांनी गोळीचं नावबी सांगितलं व्हतं."

मी म्हणालो, "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गडबड झाली असेल."

त्यांनी त्या ओळीखालचे बोट काढले नाही. त्यांना कळले होते. सव्वीस वर्षे ज्याने बारीकशी चीरही सोडली नाही, त्याला हे कळणार नाही असे मी कसे धरले? तरी त्यांनी आवाज चढवला नाही.

"चूक कुणाकडनंबी व्हतीया. आमच्यात चूक झाली की रिपोर्ट लिवत्यात. तुमी एक कागद लिवून द्या, की ह्यांनी मला सांगितलं व्हतं. त्यावर विमा लोकपालाकडं जाता येतं म्हनं."

"देतो."

"कवा?"

"दोन दिवसांत."

तो कागद दिला असता तर माझे लायसन्स गेले असते. माझ्या मुलीचे लग्न ठरले होते. कारणे मला पुष्कळ सुचली.

गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले. ऑपरेशन लांबवता येईल, पण फार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. सरकारी योजनेत तो दवाखाना बसत नव्हता आणि सरकारी इस्पितळाने बरीच पुढची तारीख दिली होती. क्लेम मिळाला तर आधी होईल, या आशेवर ते दर सोमवारी मला फोन करीत.

"साहेब, कागद झाला का?"

"वकिलाला दाखवतोय, भाऊ."

वकील नव्हताच. सहाव्या सोमवारी बोलताना त्यांना धाप लागत होती. "वकील कशाला मधी? हाय ते लिवा, साहेब. येवढंच तर हाय."

सातव्या सोमवारी फोन आला नाही. मला हायसे वाटले. हे लिहायला जड जाते, पण वाटले. गुरुवारी त्याच नंबरवरून त्यांच्या पत्नीचा फोन आला. मला काही विचारण्यासाठी तो नव्हता. सगळ्यांना कळवत होत्या, त्यांत मीही होतो.

त्या दिवशी मी तो कागद लिहिला. पंधरा मिनिटेही लागली नाहीत. त्यांचे दहावे-तेरावे झाल्यावर काळेवाडीला गेलो. त्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला नाही, "वाचा," म्हणाल्या.

मी वाचला. मधुमेह असल्याचे आणि गोळीचे नाव त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते. 'नाही' हे उत्तर मी लिहिले, त्यांना न सांगता.

त्यांनी कागद घेतला, घडी घातली, आणि फोल्डरमध्ये तपासणीच्या शेवटच्या कार्डामागे ठेवला.

"येवढंच व्हतं?"

"एवढंच."

त्या उठून आत गेल्या.

लायसन्स मी परत केले. दवाखान्याच्या बिलासाठी लोकपालाकडे तक्रार चालू आहे. बोलावणे आले की मी साक्षीला जातो. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण तिथे कुणी कागद मागितला की फोल्डर माझ्या हातात देतात.

गाळा सोडला तेव्हा टेबल घरी आणले. गिऱ्हाइकाची बाजू भिंतीला लावलेली आहे. तिकडची पट्टी अजून गुळगुळीत आहे, मधून हात घालून मी पाहिली. माझ्या बाजूची तशीच राहिली. हे लिहिताना मनगट तिथेच टेकते.