सरळ आवाज

अमेरिकेत, हर्नडनमध्ये आमच्या शेजारी राहणारा तो मराठी तरुण तिथल्या एका चर्चचा क्वायर, म्हणजे गायकवृंद, चालवायचा. जन्म तिकडचाच, मराठी तोडकंमोडकं, पण मला न चुकता काका म्हणायचा. राजा बदलला की प्रार्थनाही बदलायची, त्या सोळाव्या शतकातलं इंग्लंडचं चर्चसंगीत हे त्याचं वेड. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती मागवून तो एकेका सुरासाठी महिनोन्महिने अडून बसे. बोलताना बोटांनी ताल धरी आणि समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसे. त्याच्याच आग्रहाने मी खर्जवाल्यांत उभा राहू लागलो.

आमच्यात मार्गरेटबाई होत्या. लग्न झाल्यापासून त्या याच चर्चमध्ये गात आलेल्या. इराकचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी, ईस्टरच्या कार्यक्रमाआधी त्याने त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "तुम्ही नको. आवाज थरथरतो. त्या काळी हे सूर लहान मुलं गायची, एकदम सरळ."

"अरे, त्यांना मागे उभं कर ना," मी नंतर म्हणालो.

"काका, रिसर्चवर मी कॉम्प्रोमाइज नाही करत."

कार्यक्रमाला त्या आल्या, पुढच्याच बाकावर बसल्या. आम्ही खरोखरच सुंदर गात होतो. त्यांना राहवलं नाही. हलकेच त्या आपली ओळ गाऊ लागल्या. त्याने एका हाताने ताल चालू ठेवला, मागे वळला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या गप्प झाल्या. टाळ्या सुरू होताच कोट उचलून निघून गेल्या.

घाम पुसत तो माझ्याकडे आला. "काका, रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज आला असेल का?"