बारीक कांद्याची साल

सणसवाडीच्या रंगाच्या कारखान्यात महबूब शेख एकोणीस वर्षं मिक्सर चालवत होता. आपल्या हातच्या एकाही पिंपात गाळ बसलेला नाही, हे तो कुणी विचारो न विचारो, सांगत सुटायचा. आणि ते खरंही होतं.

म्हणून दहा पिंपं परत आली तेव्हा त्याचं तोंड बघवेना. वर नितळ पाणी आणि पांढरी दगडी भुकटी सगळी तळाला. साहेबांनी सरळ सांगितलं, "मिक्सिंग कच्चं राहतंय. महबूब सोमवारपासून लोडिंगला." लॅबच्या सायली मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "मामा, शनिवारपर्यंत कारण शोधू."

वडगाव रासाईला घरी येऊन तो जेवायला बसला. समोर बायको अकिला कांदे सोलत होती.

"ह्या बारीक कांद्यांनी जीव खाल्ला," ती करवादली. "किलोभरच हायत, पन साल बघा केवढी! मोठ्यांची एवढी निघती व्हय?"

महबूबचा घास हातातच राहिला. ह्या खेपेला आलेली नवी भुकटी! चिमटीत मैद्यासारखी लागली होती. जुनी जराशी भरड होती.

सकाळी लॅबचं दार उघडायच्या आधीच तो पायरीवर. मॅडम खुर्चीत बसताच म्हणाला, "मॅडम, रंगात घालतो ते साबणपानी दान्यादान्याला साल धरतं, म्हनून दाने एकमेकाला चिकटत न्हाईत, तरंगत ऱ्हातात. व्हय ना?"

"बरोबर."

"मग बारीक दान्याला साल जास्त लागनार. आपुन माप जुनंच टाकतोय. उघडे दाने गळ्यात गळे घालून तळाला जात्यात."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. चार बाटल्यांत नवी भुकटी घालून चढत्या मापानं साबणपाणी घातलं. शनिवारी पाहिलं, तर जुन्या मापाच्या पहिलीत गाळ, दुसरीत थोडा. चौथीत माप फाजील झालेलं, वर फेस आणि खाली पुन्हा गाळ. तिसरी मात्र दुधासारखी, वरपासून खालपर्यंत एकसारखी.

साहेबांनी स्वतः काठी घालून तिसरीचा तळ चाचपला. लोडिंगच्या बदलीचा कागद फाडला आणि कामगारांनी सुधारणा सुचवायचा फॉर्म पुढं केला.

एकोणीस वर्षं फुशारकी मारणाऱ्या महबूबनं नावाच्या रकान्यात ठळक लिहिलं: अकिला महबूब शेख.

"आणि विभाग, मामा?" मॅडमनी विचारलं.

"सैपाकघर," महबूब म्हणाला.

गेटजवळच्या फळ्यावर आता अकिलाचा फोटो आहे. नव्या माणसाला महबूब आधी तिथं नेतो, मिक्सर मागाहून दाखवतो.